पळत्या अक्षरांतला सरळ ग

इंग्रजी अक्षराला पाय असतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर छापील अक्षराच्या टोकांना जे बारीक आडवे काप दिसतात, ते शाईचे ओघळ असावेत अशी माझी समजूत होती. मुंबईत पहिल्याच वर्षी एका सायकलच्या दुकानाच्या भिंतीवर मी पाय नसलेलं अक्षर पाहिलं. जाड, काळंभोर, सगळ्या रेघा एका जाडीच्या, टोकं सपाट. आणि सगळं अक्षर उजवीकडे कललेलं, वाऱ्यात पुढे वाकून निघालेल्या माणसासारखं. मी सुताराचा मुलगा. मला ते लिहिलेलं वाटलं नाही, करवतीने कापलेलं वाटलं. दुकानदार दोनदा विचारायला बाहेर आला, सायकल हवी का म्हणून.

त्या अक्षरापायी मी पुढे एक मित्र गमावला आणि एक नोकरी. म्हणून ते कसं होतं आणि कशाकशाला वापरलं ते नीट सांगतो.

माझा मित्र आणि मी मॅट्रिकपर्यंत एका बाकावर बसलो. गणितात तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे मी आजही कबूल करतो. मॅट्रिकच्या निकालाच्या आधीच त्याचे वडील वारले आणि रत्नागिरीतला त्यांचा छोटा छापखाना त्याच्या अंगावर आला. मी पुढे शिकायला गेलो, तो राहिला. माझ्या घरात माझ्याआधी कोणाला सही येत नव्हती. त्याच्या घरात आजोबांपासून वाचणारे. तरी मी गेलो आणि तो राहिला. हे त्याला लागलं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही. सुटीत आलो की माझा दिवस त्याच्या छापखान्यातच जायचा.

दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात मी त्याच्यापुढे कागद पसरले. त्या इंग्रजी अक्षराच्या वळणाची मराठी अक्षरं मी काढली होती. आपल्या बाळबोध अक्षरात बोरूचा हात असतो, एक रेघ जाड, एक बारीक. मी सगळं एका जाडीचं केलं. गाठी काढून टाकल्या. वरची आडवी रेघ आडवीच ठेवली, कारण ती कलवली की ओळ उतरणीला लागते. खालचे दांडे मात्र सगळे कलवले.

मित्राने कागद लांब धरून पाहिले.

"ही पळतायत कुठे रे? आगबोट चुकली काय ह्यांची?"

"पळायलाच हवीत. रस्त्यावरून जाणाऱ्याने उभं न राहता वाचायचंय ते."

"एवढा मोठा शिशाचा टाइप मुंबईहून मागवायचा तर माझा छापखाना विकावा लागेल."

"शिसं कशाला? लाकडाचा करू. बाबा कापतील."

तो हसायचा थांबला. "विचार त्यांना," म्हणाला. "खरंच विचार."

आमचे बाबा सुतार. पावसाळ्यात नांगर, बैलगाडीची चाकं, लोकांची दारं. आणि हंगामात बाजाराच्या टोकाला मांडव घालत तिथे आंब्याच्या पेट्या ठोकायच्या. अक्षर त्यांना एकही येत नव्हतं. मी कागद दिले तेव्हा त्यांनी आधी काही न बोलता ओळंबा काढला, दोरीला बांधलेलं ते शिशाचं वजन, आणि माझ्या 'क'च्या दांड्याशेजारी धरलं.

"ह्या कललाय."

"मुद्दाम कलवलंय, बाबा."

"मुद्दाम कोण कलवता? आणि सगळीच कललीत. एक तरी चुकून सरळ आला असता."

समजावता समजावता माझी इंग्रजी, माझं कॉलेज, सगळं संपलं. शेवटी ते तयार झाले, पण एका अटीवर. घर बांधताना पहिला खांब उभा करतात तो ओळंब्यात असावा लागतो. बाकीचं घर पुढे कुठे कललं तर कलो, पहिला खांब वाकडा लावणारा सुतार नव्हे. तेव्हा पहिलं अक्षर ते सरळ कापणार. पहिलं अक्षर कुठलं, तर श्रीगणेशाचा ग. मी पुष्कळ वाद घातला. त्यांनी तोंडात दोन खिळे धरले. तोंडात खिळे असले की ते बोलत नसत, आणि आम्हीही बोलायचं नसे, हा घरचा नियम होता.

शिवणीचं लाकूड होतं, कापायला मऊ आणि सहसा न तडकणारं. माझा कागद फळीवर उलटा चिकटवायचा, म्हणजे अक्षर उलटं कापलं जातं आणि छापल्यावर सुलटं येतं. पहिला ग सरळ. एका ओळीत एकच अक्षर पुन्हा पुन्हा येतं, म्हणून प्रत्येकाचे चार नग लागायचे; मग बाकीचे तीन ग, सगळी बाराखडी, अर्धी अक्षरं, काने, मात्रा, सगळं कललेलं. दोन हंगामांच्या मधला सगळा पावसाळा त्यांनी त्यात घातला. मित्राने पहिल्यांदा अक्षरं चौकटीत आवळून फर्मा बांधला आणि छापलं तेव्हा बाबा आंघोळ करून, धुतलेली बंडी घालून छापखान्यात आले होते. कागद निघाला. त्यांनी ओल्या शाईवर बोट ठेवलं आणि बोट धोतराला पुसलं नाही, तसंच घरी आणलं.

ती अक्षरं रत्नागिरीत गाजली. नाटक कंपनी आली, पळती अक्षरं. सर्व्हिस मोटार सुरू झाली, पळती अक्षरं. आगबोटीची वेळ बदलली, केशतेल आलं, पुढे तंबूतला टॉकीज आला, तेव्हाही तीच. मी मित्राला एक नियम घालून दिला होता: जे ओरडायचं ते ह्यात, आणि तेही एकच ओळ. सगळंच ओरडलं तर कोणी ऐकत नाही. तो नियम त्याने एकदाच मोडला. एका अडत्याच्या मुलांना वडिलांच्या निधनाची बातमी "चांगली ठसठशीत" हवी होती. त्याने ती पळत्या अक्षरांत लावली. गावात दोन दिवस लोक म्हणत होते, म्हातारा गेला तो सावकारांना चुकवून पळत गेला.

एक मात्र खरं. ज्या कागदाच्या ओळीत दोनतीन ग येत, त्यातला एक पुष्कळदा सरळ उभा असे, आणि बाकीची ओळ त्याच्या दोन्ही बाजूंनी पळत असे. गावाला ते कळलं नाही. माणूस अक्षर पाहत नाही, शब्द पाहतो. कळत होतं ते तिघांना: मला, मित्राला आणि बाबांना.

बाबा असा प्रत्येक कागद मिळवायचे. वाचता येत नव्हतं, पण आपली अक्षरं त्यांना लांबून ओळखू यायची. भिंतीवरची खळ ओली असली तर कागद अलगद सोडवून आणायचे. मी सुटीत घरी असलो की वाचून दाखवायचं काम माझं. मग ते तो कागद मांडवातल्या बांबूच्या तट्ट्यावर चिकटवायचे, कधी उलटासुद्धा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "ह्या अक्षरा माजी. आणि काढली आमच्या बाळान्."

मी बी.ए. झालो. पहिल्या खेपेला, एकही विषय न राहता. हे सांगतो कारण पुढे ज्याची गोष्ट येते तो तिसऱ्या खेपेला झाला होता.

गावात एका मंडळाची इंग्रजी शाळा होती. तिथे इंग्रजीच्या शिक्षकाची जागा निघाली. अर्जदार दोघे. एक मी, दुसरा माझ्या मित्राचा मेहुणा, त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मंडळाचे अध्यक्ष वयस्क वकील होते. त्यांच्या ओटीवर मंडळाची माणसं बसली होती, मी उभा. इंग्रजीचे प्रश्न झाले, मी चांगली उत्तरं दिली. शेवटी अध्यक्षांनी सहज विचारलं, "वडील काय करतात आपले?"

मी म्हणालो, "लाकडाचा व्यवसाय आहे."

"म्हणजे वखार?"

ह्या ठिकाणी मी 'नाही' म्हणायला हवं होतं. मी मान हलवली. ती कशी हलली ते मला ठाऊक आहे, आणि त्यांनी काय समजायचं ते समजलं.

संध्याकाळी मी छापखान्यात गेलो आणि हे मित्राला सांगितलं. का सांगितलं? छातीत सलत होतं म्हणून. वर हसूनही सांगितलं, "वखारवाल्याचा मुलगा झालो रे आज." तोही हसला. "घाबरू नको, मेल्या," म्हणाला, "जागा तुझीच." त्याच्याकडचा चहा पिऊन मी घरी आलो. जगात दुसऱ्या कोणालाही मी ते सांगितलं नव्हतं.

मंडळाचा निर्णय व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा जेवायला आले ते हातात कागद घेऊन. अंगणातूनच हाका.

"बाळा, ह्या बग! आपली अक्षरा! बाजारात चार ठिकाणी लावलीत. काय लिवलाय?"

मी कागद घेतला. वरची ओळ पळत्या अक्षरांत होती: "रत्नागिरीच्या नागरिकांनो, वखार कुठे आहे?" आणि खाली बारीक टाइपात: "इंग्रजी शाळेत शिक्षक होऊ पाहणारे एक बी.ए. आपल्या वडिलांची लाकडाची वखार आहे असे मंडळास भासवतात. वडील बाजारात आंब्याच्या पेट्या ठोकतात. जो स्वतःच्या बापाला लपवतो, तो आपल्या मुलांना काय शिकवणार?"

कायद्याने प्रत्येक कागदाखाली छापखान्याचं नाव लागतं. ह्याच्या खाली नव्हतं. पण 'रत्नागिरीच्या'मधला ग सरळ होता आणि 'नागरिकांनो'मधला कललेला.

बाबा पायरीवर बसून पाय धूत होते. वर बघत होते.

"टॉकीजचं आहे," मी म्हणालो. "नवा खेळ आलाय."

"कसला?"

"मारामारीचा."

"बरा बरा. ग चांगला उठलाय, नाय?"

जेवण झाल्यावर त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि कामावर जाताना बरोबर नेला. कागद ते कुठे नेतायत हे मला ठाऊक होतं. तरी मी उठून हातातून घेतला नाही. घेतला असता तर का ते सांगावं लागलं असतं.

मी छापखान्यात गेलो. मित्र एकटाच होता, टाइप साफ करत.

"तू छापलंस ते?"

"काय?"

"नाव का घातलं नाहीस खाली?"

"नाव नाही, तर माझं कशावरून?"

वाटेत भिंतीवरून सोडवलेला एक कागद मी त्याच्यापुढे टाकला आणि ग वर बोट ठेवलं. त्याने वाकून तो ग पाहिला. मग ब्रश खाली ठेवला.

"हा ग तेव्हाच चुलीत घालायला हवा होता मी."

"मजकूर कोणाचा?"

"गिऱ्हाईकाचा."

"गिऱ्हाईकाला वखारीचं कोणी सांगितलं?"

त्याने ब्रश पुन्हा उचलला. मग एकदम बोलला, "नवऱ्याला नोकरी नाही म्हणून बहीण माहेरी येऊन बसलीय दोन महिने. काय सांगू तिला? तुला काय, तू बी.ए. पहिल्या झटक्यात. तुला दहा गावं आहेत. त्याला हीच एक शाळा आहे."

"म्हणून माझ्या बापाची अक्षरं माझ्या बापावर लावलीस?"

"बापावर कुठे लावलीत? नीट वाच. तुझ्यावर आहे ते." त्याने कागद माझ्याकडे सारला. "आणि खोटा शब्द दाखव एक. एक दाखव, आत्ता जाऊन सगळे फाडून आणतो."

मला दाखवता आला नाही. मी एवढंच विचारलं, "ते मोठ्या अक्षरांत कशाला?"

"तूच म्हणायचास. जे ओरडायचं ते ह्यात."

मी बाहेर पडलो. पुन्हा त्या छापखान्याची पायरी चढलो नाही.

बाजाराच्या टोकाला मांडवात नेहमी चार हातोड्यांचा आवाज असतो. मी पोचलो तेव्हा एकही चालत नव्हता. पेंढा पसरला होता, अर्ध्या पेट्या तशाच. बाबांबरोबर काम करणारे तिघे जण पेट्यांवर बसले होते आणि माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. तट्ट्यावर, नाटकांच्या आणि मोटारींच्या कागदांत, नवा कागद लावलेला होता. आज सुलटा लावला होता, म्हणजे कोणीतरी मदत केली होती.

"ये," बाबा म्हणाले. "वाच."

"बाबा, घरी चला, मी सांगतो—"

"तू म्हणालास टॉकीजचा. ह्यांनी वाचला तर दुसराच निगाला. ह्यांचा शिक्षाण चवथीचा, तुजा बी.ए.चा. म्हणून इचारतंय, खरा कुठला?"

कोणी हसलं नाही.

मी तट्ट्यासमोर उभा राहून वाचलं. वरच्या ओळीपासून शेवटच्या प्रश्नापर्यंत, एक शब्द न गाळता. वाचनात माझं नाव होतं, शाळेत पाहुणे आले की मला उभं करायचे. इतकं वाईट मी कधी वाचलं नव्हतं.

झाल्यावर बाबांनी विचारलं, "वखार कुटे हाय रे आपली? मला पन दाखव. म्हातारपनी बसायला बरी."

त्यांनी एक फळी उचलली, तिची धार एका डोळ्याने पाहिली आणि चार खिळे तोंडात धरले. हातोड्या सुरू झाल्या. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मग फळ्या धरायला लागलो. अंधार पडेपर्यंत धरल्या. त्यांनी हाकलून दिलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. ही अक्षरंसुद्धा वडिलांनीच कापलीत, हेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि तो कागद लांब धरून पाहिला. "उत्तम काम आहे," म्हणाले. मग म्हणाले, "सुतारकामाला आमची हरकत नव्हती हो. हरकत वखारीला आहे." जागा मेहुण्याला मिळाली. तो वाईट माणूस नव्हता. त्या शाळेत तो शेवटपर्यंत राहिला आणि मुलांना आवडायचा, असं ऐकतो.

मला खेडला नोकरी लागली. तिथे अर्ज करताना वडिलांचा धंदा मी स्वतः लिहिला: सुतार. आणि लिहिलेलं दोनदा वाचून पाहिलं.

माझी चूक मी कबूल केली आहे, इथे आणि त्या तट्ट्यासमोरही. पण लोक मला सांगतात की तुझीच चूक होती, तेव्हा मित्राला माफ कर. हा हिशेब मला कळत नाही. मी खोटं बोललो ते परक्या माणसापुढे, लाजेपोटी. ते खोटं मी एकाच माणसाच्या हवाली केलं होतं, माझा म्हणून. त्याने ते भिंतीवर लावलं. त्याच्या मुलीच्या लग्नाचं निमंत्रण आलं, मी गेलो नाही.

खेडला काही वर्षांनी तंबूतला टॉकीज आला. शाळेत जाताना जगबुडी नदीच्या पुलाजवळ मोठा कागद लावलेला दिसला: "रत्नागिरीत गाजलेला खेळ आता आपल्या गावात". आमचीच अक्षरं. खाली बारीक टाइपात मित्राच्या छापखान्याचं नावही होतं, ह्या वेळी बिनचूक. मी ग मोजले. तीन होते आणि तिन्ही कललेले. तिसऱ्याची पाठ जरा वेगळी होती, दांडा जाड, कोपरे बोथट. बाबांच्या हाताचा नव्हता. सरळ ग त्याने काढून टाकला होता आणि कोणाकडून तरी तिरका कापून घेतला होता. पुढे कधी कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून.

मुलं बाजूने जात होती, "सर, चला, घंटा झाली," म्हणत होती.

सुटीत घरी गेलो तेव्हा बाबांनी आपणहून विचारलं, "पळती अक्षरा येतात का तुमच्या खेडात?"

"येतात."

"आणि आपला ग?"

एक क्षण वाटलं, आहे म्हणावं. मग म्हटलं, "नाही. काढून टाकलाय. दुसऱ्या कोणाकडून नवा करून घेतलाय."

ते रंधा मारत होते. दोन हात मारून थांबले.

"लाकूड कसला वापरलान्?"

"कागदावरून कसं कळणार, बाबा?"

"शिवणीचा नसल तर फुटल," ते म्हणाले, आणि तोंडात खिळे नसतानाही पुढे काही बोलले नाहीत.